अर्पण केलेलं दुखणं

जीनाने ताट आपटलं नाही. नुसतं दोन बोटांनी बाजूला सरकवलं, आणि त्या हलक्या आवाजाने रोझमेरीच्या काळजात जे चर्र झालं, ते ताट आपटल्यानेही झालं नसतं... ताटात गरगट भात होता, त्यावर बोंबलाचं पातळ कालवण, कडेला वाफवलेला दुधी. माणिकपूरच्या शाळेतून दुपारी घरी यायचं, पर्स खुंटीला अडकवायची आणि घोटभर पाणीही न पिता आईसाठी वेगळं, मऊ, चावावं न लागणारं जेवण रांधायचं, हा जीनाचा कित्येक वर्षांचा नेम झाला होता. आणि कित्येक वर्षं ते जेवण असंच अर्धंमुर्धं परत जात होतं.

"एक घास तरी घे, मम्मी. विष नाही कालवलंय मी."

"भूकच नाही गं, बाय."

"भूक नाही, झोप नाही. ताप येतो, पण कुठून ते ठाऊक नाही. बोटं सुजतात, का ते ठाऊक नाही. गोळ्या घेऊन शुगर उतरत नाही, ते तर डॉक्टरलाच ठाऊक नाही. मग आहे काय तुला?"

"वय झालं."

"शेजारची कॅरल आंटी तुझ्यापेक्षा मोठी आहे. सकाळी वाडीतून नारळाची झापं एकटी ओढत होती. वर मला विचारते, तुझी आई उठली का, की महाराणींचा दरबार अजून भरायचाय?"

रोझमेरीला हसू आलं. हसताना उजवा गाल ओढला गेला, तशी तिने मान खिडकीकडे वळवली.

"हसू नको. बोरिवलीचे डॉक्टर या खेपेला काय म्हणाले ते मी तुला सांगितलंच नाही. म्हणाले, संधिवाताची औषधं झाली, सगळ्या तपासण्या झाल्या, आता एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवून बघा. मी बरं म्हणाले. आणि बाहेर आल्यावर मला माझीच लाज वाटली, मम्मी... कारण मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

जीना ताट उचलून आत गेली. नळाच्या पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एक ताट धुवायला इतकं पाणी लागत नाही हे रोझमेरीला कळत होतं.

मन? तिच्या मनाला काही झालेलं नव्हतं. दुखत होतं ते हाड. उजव्या बाजूचं, खालच्या जबड्याचं, शेवटच्या दाढेच्या जागेचं. आणि ते दुखतं हे जगात दोघांनाच माहीत होतं... तिला आणि देवाला.

सहा वर्षं झाली त्याला. माणिकपूरच्या एका दवाखान्यात तिने ती किडकी दाढ काढून घेतली आणि तोंडात कापसाचा बोळा धरून पापडी गावात घरी आली, त्याच संध्याकाळी तिचा नवरा इग्नेशियस वाडीत केळींना पाणी लावता लावता खाली बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी दफनविधी होता; दाढेचं रक्त थांबेना म्हणून तिच्या तोंडात कापूस तसाच होता. सगळं गाव लोटलं होतं. आणि त्या गावात, सर्वांच्या मागे, तिचा मुलगा जेन्सन उभा होता.

जेन्सनने अश्लेषाशी कोर्टात लग्न केलं होतं. मुलगी हिंदू आहे याचं इग्नेशियसला तितकंसं दुःख नव्हतं. चर्चमध्ये, गावकऱ्यांच्या साक्षीने, मुलाच्या बाजूला बाप म्हणून उभं राहायचं राहून गेलं याचं होतं. तो म्हणाला, आधी देवासमोर उभा राहा, मग माझ्या दारात. जेन्सन म्हणाला, देव तुमचा, दारही तुमचं, दोन्ही सांभाळा. आणि तो एव्हरशाईन सिटीत सातव्या मजल्यावर राहायला गेला. वसईच्या त्या टोकाला, रुळांच्या पलीकडे. अंतर म्हणाल तर फार नाही. पण माणसं एकमेकांकडे जाईनाशी झाली की रूळ ओलांडायलाही जन्म पुरत नाही...

शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा जेन्सन पुढे झाला. त्याने खांदा लावला न लावला तोच इग्नेशियसच्या थोरल्या भावाने त्याचा दंड धरून त्याला बाजूला केलं आणि त्या जागी स्वतःच्या मुलाला उभं केलं. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. अंगणातल्या खुर्च्या हलवाव्यात तसं सगळं शांतपणे झालं. मग सर्वांनी रोझमेरीकडे पाहिलं. जेन्सननेही पाहिलं. तिच्या एका शब्दाची खोटी होती. तिने मान खाली घातली.

जेन्सन पेटीच्या मागून, अश्लेषाचा हात धरून, दफनभूमीपर्यंत चालत आला. बापाच्या पेटीवर मूठभर माती टाकली आणि तिथूनच परस्पर निघून गेला. पुढे नाताळला, ईस्टरला फोन करायचा, चार वाक्यं बोलायचा. पण पापडीत त्याने पाऊल ठेवलं नाही.

तोंडात कापूस होता, बोलणार कशी, हे कारण रोझमेरीने स्वतःला बरेच दिवस पुरवून पुरवून सांगितलं. मग तेही पुरेना.

दाढेची जखम वरून छान भरली. हिरडी मिटली. आत मात्र काहीतरी धुमसत राहिलं; कधी बारीक ठणका, कधी कानापर्यंत जाणारी कळ, कधी नुसतंच जडपण, हाडात कोणी शिसं ओतून ठेवावं तसं. दाताच्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं, ती गेली नाही. पुढे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राखेचा क्रूस काढत असताना तिच्या जबड्यात जोराची कळ आली, आणि तिला तिच्या आजीची शिकवण आठवली. दुखलंखुपलं तर रडत बसायचं नाही, ते येशूच्या जखमांना जोडून द्यायचं, कोणाच्या तरी नावाने अर्पण करायचं. तिच्या आजीने असं आयुष्यभराचं दुखणं वाटून टाकलं होतं, आईनेही. दोन्ही बाळंतपणांच्या कळा खुद्द रोझमेरीने अशाच दिल्या होत्या. तिने डोळे मिटले. प्रभू, हे दुखणं मी जेन्सनच्या नावाने तुला देते. तो आपण होऊन या घराच्या उंबऱ्यातून आत येईपर्यंत मी यावर औषध करणार नाही. कोणाला सांगणारही नाही.

त्या उपवासकाळापुरतंच ठरवलं होतं तिने. पण ईस्टर उजाडला आणि जेन्सन आला नाही. मग दिलेलं परत कसं घ्यायचं? देवाच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं... पुढे बोटांचे सांधे सुजू लागले, दिवस कलला की अंगात कणकण भरू लागली, शुगर हट्टी झाली. जीना तिला या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे नेऊ लागली. एखादा विचारायचा, दातांची काही तक्रार? रोझमेरी म्हणायची, काही नाही. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंच नाही. दाढ दाढेच्या जागी, ताप तापाच्या जागी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि जे देवाला दिलं त्यावर डॉक्टरचा काय हक्क?

यंदा ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चला जायला म्हणून तिने साडी नेसली, आणि निऱ्या खोचताना तिचं अंग असं थडथडू लागलं की पलंगाची कडाही हाती लागेना. जीनाने कॅरलच्या मदतीने तिला रिक्षात घातलं. कॅरल वाटभर तिचे तळहात चोळत होती आणि रिक्षावाल्याला म्हणत होती, "खड्डे चुकव रे बाबा, महाराणी आहे आत." तिचे स्वतःचे डोळे वाहत होते.

या वेळी मात्र कारण सापडलं. हृदयाच्या एका झडपेत जंतूंनी घर केलं होतं. रक्तात जे जंतू मिळाले ते माणसाच्या तोंडात राहणारे होते. म्हणून मग जबड्याचा स्कॅन झाला, आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. सुमेधा यांनी दोघी मायलेकींना आपल्या खोलीत बोलावलं. रोझमेरी चाकाच्या खुर्चीत, मागे जीना.

"काकू, या उजव्या बाजूला खाली कधी दुखत होतं का?"

रोझमेरी तोंड उघडण्याआधीच जीना बोलली. "नाही हो, डॉक्टर. दातांचं तिला कधीच काही नव्हतं. सगळे विचारतात, मीही रोज विचारते. माझी आई काही लपवणारी नाही. तिला खरंच काही कळलं नसणार."

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही डावी बाजू. हाड कसं आतून जाळीदार, भरलेलं दिसतंय. आणि ही उजवी. इथे दाढ काढली होती ना? वरून हिरडी मिटली, म्हणून तपासताना कोणाला दिसलं नाही. आत ही एवढी पोकळी आहे, आणि हा मेलेल्या हाडाचा तुकडा. जुनं आहे हे, कित्येक वर्षांचं."

"म्हणजे सगळं इथूनच आलं? ताप, सांधे, शुगर?" जीनाच्या आवाजात एकाच वेळी धास्ती होती आणि सुटकाही.

"सगळं इथूनच आलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सांध्यांची, शुगरची आपली वेगळी कारणंही असतात. पण हाडात इतकी वर्षं जंतू धुमसत असले तर शरीर सतत त्यांच्याशी झुंजत राहतं, त्यात शुगर बिघडते, माणूस खंगतो. आणि हृदयाचं म्हणाल, तर ते इथूनच गेलं असावं असं आम्हा सर्वांना वाटतंय." मग त्या रोझमेरीकडे पाहून मायेने म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कधीकधी एवढं होऊनही रुग्णाला अजिबात दुखत नाही. तुम्हाला कसं कळणार?"

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती की झालं असतं... मागे जीनाचा हात तिच्या खांद्यावर होता. माझी आई काही लपवणारी नाही, असं आत्ताच म्हणालेल्या मुलीचा हात. शाळेच्या खडूने कोरडा पडलेला, निरनिराळ्या दवाखान्यांच्या बाकांवर बसून बसून वय झालेला.

"दुखतं," रोझमेरी म्हणाली. "दाढ काढली तेव्हापासून दुखतंय. मी सांगितलं नाही."

खांद्यावरचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो निघाला.

त्या दिवशी रोझमेरीने लेकीला सगळं सांगितलं. राखेचा बुधवार, जेन्सन, आजी, सगळं. जीनाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा आणू?" त्यापुढे ती बोलेनाशी झाली. वेळेवर यायची, केस विंचरून द्यायची, नर्सशी बोलायची, गोळ्या हातावर ठेवायची. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. रोझमेरीला वाटे, तिने ओरडावं, भांडावं...

शुभ शुक्रवारी दुपारी वॉर्ड सामसूम होता. जीना खुर्चीत बसून संत्रं सोलत होती.

"डॉक्टर सांगत होत्या, ताप उतरला की थोड्या दिवसांनी हाड साफ करायचं ऑपरेशन करू. तू नाही म्हणालीस."

"नाही कुठे म्हणाले? थांबा म्हणाले."

"कशासाठी थांबायचं?"

रोझमेरीने पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

"तो यायचाय म्हणून?"

"शब्द दिलाय गं मी."

जीनाने संत्र्याची फोड ताटलीत ठेवली. "तू देवाला नक्की काय दिलंस, मम्मी?"

"माझं दुखणं."

"तुझं?" जीना हसली, पण तिच्या ओठांना ते हसू पेललं नाही. "ॲल्रॉय दोन वर्षं थांबला. मी म्हणत राहिले, मम्मीला काय झालंय ते एकदा कळू दे, मग लग्नाचं बघू. त्याच्या लग्नात मी केक वाटला, तू म्हणालीस, माझी जीना किती मोठ्या मनाची. शाळेत मला सुपरवायझर करत होते, मी नको म्हणाले, दुपारी घरी कोण थांबणार? मैत्रिणींनी फोन करायचं सोडलं, कारण माझ्याकडे बोलायला तुझ्या रिपोर्टशिवाय काही नसायचं. ते दुखणं फक्त तुझं नव्हतं, मम्मी. तू देवाला दिलीस ती माझी वर्षं होती. मला न विचारता. आणि दिलीस कोणाच्या नावाने, तर जेन्सनच्या." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या नावाने कधी काही दिलंस का गं?"

रोझमेरी आठवायला लागली. ती शोधत राहिली. त्या सगळ्या वर्षांत, त्या सगळ्या मिस्सांत, रोझरीच्या एकेका मण्यावर... जीना जवळ होती, म्हणून तिच्यासाठी काही मागावं लागतं हे कधी सुचलंच नव्हतं. आपण एकटीने क्रूस वाहतोय असं तिला वाटत आलं होतं, आणि त्या क्रूसाचं दुसरं टोक मुकाट्याने कोणी उचलून धरलं होतं ते तिने वळून पाहिलं नव्हतं.

"मी त्याला फोन करते," जीना म्हणाली. "ये म्हणते."

"आपण बोलावून आला तर ते देवाने केलेलं कसं होईल?"

"पापडीहून एव्हरशाईनला रिक्षा जाते, मम्मी." जीनाचा आवाज आता फक्त दमलेला होता. "तुला रिक्षात बसायचं नव्हतं, म्हणून तू देवाला कामाला लावलंस."

ईस्टर दवाखान्यातच गेला. पुढे ताप उतरला, उरलेली इंजेक्शनं घरी नर्स येऊन देईल असं ठरलं आणि रोझमेरीला सोडलं. हाताला सुईची पट्टी तशीच होती. जीनाने रिक्षा थांबवली, आईला आत बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "पापडी."

"पापडी नको," रोझमेरी म्हणाली. "एव्हरशाईन सिटी."

जीनाने वळून पाहिलं. मग आईच्या पाठीमागे आपली पिशवी सरकवली, धक्के लागू नयेत म्हणून.

दार अश्लेषाने उघडलं. हात पिठाने भरलेले. "आई?" असं म्हणून ती आत वळली आणि म्हणाली, "जेन्सन, बाहेर ये. लवकर."

जेन्सन बाहेर आला. कपाळ बापासारखं मागे गेलेलं. "मम्मी? अगं फोन करायचास ना, मी आलो असतो..." आणि तो मध्येच थांबला, कारण आपण आलो नसतो हे त्यालाही ठाऊक होतं.

"बसा ना," अश्लेषा म्हणाली.

"नको. आधी बोलते, बसले तर राहून जाईल." रोझमेरीने चौकट धरली. "डॅडीला उचलताना तुला बाजूला केलं, ते मी पाहिलं होतं. माझ्या तोंडात कापूस होता. पण हात मोकळे होते. मी येऊन तुझा हात धरला असता, तुला पुढे उभं केलं असतं, तर कोणाची छाती नव्हती तुला हलवायची. नाही केलं. भावकीला भ्याले. चुकलं माझं."

कुकरची शिट्टी झाली.

"एवढं बोलायला सहा वर्षं, मम्मी?" जेन्सन म्हणाला. त्याचे डोळे कोरडे होते, आवाज कोरडा नव्हता. "डॅडींचा मला राग नव्हताच. ते तसेच होते, मीपण तसाच. मला फक्त... तू का गप्प बसलीस, हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. फोनवर तू विचारायचीस, जेवलास का. दर वेळी जेवलास का."

मग जीनाने त्याला बाकीचं सांगितलं. हाड, हृदय, आणि ते कोणाच्या नावाने. ऐकता ऐकता जेन्सनचा चेहरा उतरत गेला.

"माझ्या नावाने? मला विचारलं कोणी? मी इथे आरामात जेवत होतो आणि तिकडे तू... असलं काही माझ्या डोक्यावर ठेवू नकोस गं, मम्मी. मी कुठे ठेवू ते?"

"जेन्सन," अश्लेषा मध्ये पडली, "त्यांना बसू दे आधी. भांडण बसूनही करता येतं."

आणि तेव्हा रोझमेरी बसली. बसली आणि रडली. तोंड उघडून, आवाज करून, इग्नेशियस गेला त्या दिवशी रडायला हवी होती तशी. जेन्सन तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि सुई लावलेला तिचा हात त्याने नुसता तळव्यावर धरून ठेवला, दुखेल म्हणून न दाबता. जीना गॅलरीत निघून गेली होती. सातव्या मजल्यावरून तिला लांब पश्चिमेकडे माडांची एक काळसर रेघ दिसत होती, ती पापडीची की आणखी कुठली, ते कळत नव्हतं.

जेन्सन उंबऱ्यातून आत आला नव्हता. तीच बाहेर पडली होती. देवाला दिलेला शब्द यामुळे पुरा झाला की मोडला, हे रोझमेरीने फादरना विचारलं नाही. ऑपरेशनला तिने हो म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी भावंडं शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एकाच बाकावर बसली होती.

"तू मला का नाही कळवलंस?" जेन्सनने विचारलं.

"तू फोनवर विचारायचास, मम्मी कशी आहे. मी म्हणायचे, आहे तशीच. तू म्हणायचास, ओके." जीनाने डोकं भिंतीला टेकलं. "आपण तिचीच मुलं ना रे."

मेलेलं हाड निघालं. पुढच्या महिन्यांत संध्याकाळची कणकण गेली, शुगर गोळ्यांचं ऐकू लागली, बोटं पूर्वीसारखी नाही तरी ब्लाऊजची हुकं लावण्याइतकी वळू लागली. हे सगळं हाड काढल्यामुळे, की नेमाने खाल्लेल्या अन्नामुळे, डॉ. सुमेधा ठाम काही बोलल्या नाहीत. थोडं थोडं दोन्हीमुळे, म्हणाल्या. हृदयाची झडप मात्र गळकी झाली होती, आणि वय आणि शुगर पाहता तिला हात लावायला डॉक्टर राजी नव्हते. जपून राहायचं, एकटं राहायचं नाही, इतकंच त्यांनी सांगितलं. झडप किती दिवस साथ देईल हे ते बोलले नाहीत, आणि घरात कोणी विचारलं नाही.

जीना आता हसत असे, बोलत असे. पण शुभ शुक्रवारचा तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही आणि रोझमेरीने त्याचं उत्तर दिलं नाही. तो घरात असाच होता, तिसऱ्या माणसासारखा.

एक दिवस रोझमेरी मागच्या पडवीत फुलं निवडत बसली होती आणि स्वयंपाकघरात जीना फोनवर बोलत होती. पाचगणीच्या एका निवासी शाळेत तिची कॉलेजची मैत्रीण मुख्याध्यापिका झाली होती; जीनाने मराठी विभाग सांभाळावा असा तिचा आग्रह होता.

"नाही गं, मला काही खास इच्छा नाही," जीना सांगत होती. "मी इथे मजेत आहे. मम्मीला एकटं ठेवता येत नाही ना. नाही, वाईट कसलं वाटायचंय? काही नाही."

रोझमेरीचे हात थांबले. तो आवाज तिला ओळखू आला. इतक्या डॉक्टरांसमोर "काही नाही" म्हणतानाचा तो तिचा स्वतःचा आवाज होता, तसाच सपाट, तसाच गोड. माझ्या घरात ही रीत आजीपासून चालत आली, तिच्या मनात आलं, आणि मीच ती हिच्या हाती देऊन जाणार...

तिने जेन्सनला फोन लावला. आयुष्यात तिने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आईकडे नाही, नवऱ्याकडे नाही.

"मला तुमच्याकडे राहायला यायचंय. कायमचं. चालेल का? अश्लेषाला विचार, मगच सांग. ती नाही म्हणाली तरी मला राग नाही."

पलीकडे थोडा वेळ कुजबुज झाली. मग अश्लेषाच फोनवर आली. "आई, या. पण मी नोकरी करते, दिवसा बाई असेल तुमच्याजवळ. आणि माझ्या आमटीत गूळ असतो, आधीच सांगते."

जीनाने खूप वाद घातला. विहीर, वाडी, पहाटेची घंटा, कॅरल आंटी, इग्नेशियसची कबर, यातलं तिथे काय आहे? लिफ्टमध्ये तुझा जीव घाबरतो, शेजारी कोण राहतं ते तिथे कोणाला माहीत नसतं. तू पुन्हा तेच करतेयस, मम्मी, पुन्हा सोसायला निघालीस.

"नाही," रोझमेरी म्हणाली. "ऐक. मला इथून जायचं नाहीये. हे घर सोडताना माझ्या जिवाला लागणार आहे, मी रडणार आहे, आणि तुला फोन करून सांगणार आहे. ते मी कोणाला अर्पण करत नाही. तरीही मी जाणार. तुझ्यासाठी जाणार, जीना. तू विचारलं होतंस ना?"

जीनाने आईकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. मग तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मोगऱ्याच्या निवडलेल्या कळ्या सगळ्या खाली सांडल्या. त्या उचलायची घाई दोघींपैकी कोणी केली नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये जीना पाचगणीला गेली. पहिल्या रविवारी मिस्सा आटोपून तिने फोन लावला तेव्हा रोझमेरी एव्हरशाईनच्या सोफ्यावर बसली होती.

"कशी आहेस, मम्मी?"

"कशी असणार? गुडघा धरलाय कालपासून. लिफ्ट बंद होती, तुझ्या भावाने मला खुर्चीत घालून उचलून आणलं, दर मजल्यावर मला म्हणतो, मम्मी, तू हलकी आहेस, आणि स्वतः धापा टाकतो. आमटी गोड. ती दिवसाची बाई चांगली आहे पण टीव्ही फार मोठ्याने लावते. चर्चमध्ये एक ओळखीचा चेहरा नाही, मागच्या बाकावर परक्यासारखी बसले. रात्री छातीत धडधडलं, मग अश्लेषाला उठवलं. उठवलं बरं का, पडून नाही राहिले. आणि डॅडीची फार आठवण येते गं. आणि तुझी."

आतून जेन्सन म्हणाला, "माझ्या बायकोच्या आमटीबद्दल एक शब्द नको."

रोझमेरीने फोन कानाला घट्ट लावला.

"जीना? आहेस ना?"

"आहे, मम्मी." आवाज ओला होता. "आणखी सांग. आणखी कुठे कुठे दुखतं?"

रोझमेरीने पाय सोफ्यावर घेतले, पाठीला उशी लावली, आणि सांगायला सुरुवात केली.